लास वेगासला पहिल्यांदाच जाताय? मग एवढं ऐका

तुम्ही दोघं, आमच्यासारखंच समलिंगी जोडपं, तिथे एकच दिवस आहात, तर सगळी स्ट्रिप, म्हणजे मोठमोठ्या हॉटेल-कॅसिनोंचा मुख्य रस्ता, पायी पालथी घालायचा हट्ट नको. समोरचं हॉटेल हाकेच्या अंतरावर वाटतं, पण इमारती इतक्या अवाढव्य आहेत की चालताना अर्धा तास कुठे गेला कळत नाही. संपूर्ण स्ट्रिप साधारण पावणेसात किलोमीटर आहे. आम्ही नवे बूट घालून गेलो होतो, दुपारपर्यंत दोघंही लंगडत होतो!

१९५९ची ती प्रसिद्ध स्वागताची पाटी सकाळीच उरका, नंतर फोटोसाठी रांग लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून दुपार आतच काढा. बेलाजिओ हॉटेलची काचेच्या छताखालची बाग फुकट आहे. त्यांची कारंजी मात्र अंधार पडल्यावरच बघा, एका खेळाने मन भरत नाही. रात्री फ्रीमाँट स्ट्रीट, जुनं वेगास तिथे भेटतं. कॅसिनोत शिरलात तर हरायची रक्कम आधीच ठरवा, बाकीचे पैसे खोलीवर ठेवा.

हात धरून फिरावं का, असं विचारलं होतंत. खुशाल धरा. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात समलिंगी विवाह २०१४पासून कायदेशीर आहे, आणि २०२०मध्ये मतदारांनी तो राज्याच्या स्वतःच्या घटनेतच घातला, अमेरिकेत सर्वांत आधी. हॉटेलात एकच पलंग मागताना आम्हाला कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही. दारू प्यायलेला एखादा बरळलाच, तर वाद न घालता पुढे व्हा. असले लोक कुठेही भेटतात.