जुन्या दफनभूमी आणि स्मशानांचं आजच्या शहरात काय काम उरलंय?

तुम्ही विचारलंय की शहरात जागेची एवढी टंचाई असताना जिथं आता कुणाला पुरतही नाहीत अशा जुन्या दफनभूमी कशाला राखायच्या, सरळ बाग किंवा पार्किंग का करू नये. मी बेळगावचा, आमच्या भागातलं बघून सांगतो.

आधी बागेचं. बोस्टनजवळ माउंट ऑबर्न ही दफनभूमी 1831 ला झाली तेव्हा अमेरिकेत मोठ्या सार्वजनिक बागा जवळपास नव्हत्याच, लोक झाडं बघायला, फिरायला तिथंच जायला लागले आणि ती गर्दी बघूनच पुढं शहरांत मोठ्या बागा काढायची कल्पना रुजली. म्हणजे कबरी न हलवता पण बाग होते. कोलकात्यातली पार्क स्ट्रीटची 1767 ची दफनभूमी पण तशीच राखलीय, लोक मुद्दाम बघायला जातात.

आता आमच्याकडचं. खानापूर तालुक्यात नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेला हा शूर माणूस, इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला त्याला तिथंच फाशी दिली. समाधीपाशी वड आहे, मूल व्हावं म्हणून त्याला पाळणे बांधतात. बघा, फाशी गेलेल्या माणसाच्या समाधीवर बायका पाळणा बांधायला येतात, कुठल्या सरकारी योजनेनं हे होणार आहे का? राणी चन्नम्मांची समाधी बैलहोंगलला आणि 1824 ला कित्तूरवर चालून आलेला आणि तिथंच मारला गेलेला इंग्रज कलेक्टर थॅकरे, त्याचं स्मारक धारवाडला. एकाच लढ्यातली ही तीन माणसं तीन गावांत, शाळेच्या सहलीला यापेक्षा चांगला इतिहास कुठला मिळणार सांगा.

आणि बेळगावातच सदाशिवनगरची स्मशानभूमी. 2014 ला सतीश जारकीहोळी कर्नाटकात मंत्री असताना 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अंधश्रद्धेविरुद्ध रात्रभर तिथं मुक्कामाला राहिले आणि मग तो कार्यक्रमच होत गेला, भाषणं, गाणी, जेवणखाण सगळं स्मशानातच. आपल्यात बायकांनी स्मशानात जायचं नाही, तिन्हीसांजेला त्या रस्त्यानं पण जायचं नाही असं वाढलेल्या लोकांसाठी ही लहान गोष्ट नाही. त्यांचं राजकारण पटो न पटो, मला हे मनापासून आवडतं.

राहिल्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या गोऱ्यांच्या कबरी. त्यांना ना पाळणे बांधणारं कोण, ना नातेवाईक, त्यामुळं सगळ्यात आधी त्याच जातात. अशा काही दगडांवर अक्षरं खोदलेली नसतात, शिशाची बसवलेली असतात, ती पडतात नायतर कोण तरी काढून नेतं आणि मागं नुसती बारीक भोकं उरतात. त्या भोकांवरून नाव लागतं, नीट बघितलं तर. वय बघून पोटात कालवतं, विशीतले शिपाई, वर्षाच्या आतली बाळं, कॉलरा आणि तापानं गेलेली. ती आपली नव्हेत म्हणून दगड उपटून पार्किंग करायचं हे मला अजिबात मान्य नाही.

तुमच्या गावात अशी जागा असेल तर सुशोभीकरणाची मागणी नंतर करा, आधी वॉचमनला विचारून सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना झिजलेली अक्षरं उठून दिसतात, प्रत्येक दगडाचा फोटो काढा आणि वाचता येईल तेवढं लिहून घ्या. दगडावर खडू किंवा पावडर चोळू नका, ब्रशनं घासू तर मुळीच नका.