ढग गडगडले की कुत्रा थरथरतो, त्याला जवळ घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की विजा सुरू झाल्या की तुमचा कुत्रा पलंगाखाली शिरून थरथरतो आणि घरातले म्हणतात, "कुरवाळू नका, जास्तच घाबरट होईल." हे मनातून काढून टाका आणि त्याला खुशाल जवळ घ्या. भीती ही काही त्यानं खाऊसाठी केलेली करामत नाही, त्यामुळे माया केल्यानं ती वाढत नाही. रागावल्यानं मात्र नक्की वाढते.

फक्त जवळ यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या, ओढून बाहेर काढू नका. आमची कुत्री अशा वेळी मांडीवर येत नाही, पाठ माझ्या पायाला टेकवून बसते. मी तिच्या छातीवरून सावकाश हात फिरवत राहते. धाप कमी होऊन लोंबणारी जीभ आत गेली आणि तोंड मिटलं, की ती सावरतेय हे कळतं.

लपायची जागा त्यानं निवडलेलीच ठेवा, मग ती बाथरूम का असेना. पडदे ओढा, दिवा लावा म्हणजे विजेचा लखलखाट जाणवत नाही, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. पिंजऱ्यात कोंडू नका. भेदरलेला कुत्रा सुटायच्या धडपडीत दात-नखं मोडून घेतो. बाहेरची दारं लावून घ्या आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या, कारण असे कुत्रे वाट फुटेल तिकडे पळत सुटतात.

खरं काम आभाळ मोकळं असताना करायचं. गडगडाटाचं रेकॉर्डिंग इतकं हळू लावा की तो कान टवकारेल पण खाणं सोडणार नाही. आधी आवाज, लगेच त्याचा आवडता खाऊ, हा क्रम मोडू नका. खाऊ नाकारला तर आवाज जास्त झाला, तो कमी करा. याला कित्येक आठवडे लागतात. शिवाय कुत्र्याला वारा, अंधारून येणं, पावसाचा वास हेही कळतं, म्हणून रेकॉर्डिंगला सरावलेला कुत्रा खऱ्या वादळात डगमगू शकतो. लांबून हलकं गडगडत असेल तेव्हाही हाच खाऊ द्या.

तो लाळ गाळत असेल, दारं ओरबाडत असेल, तर औषधाला अजिबात कचरू नका. ट्रॅझोडोन, अल्प्राझोलाम यांसारखी औषधं पशुवैद्य देतात. हिरडीला लावायचं डेक्समेडेटोमिडीनचं जेल अमेरिकेत 2015 साली खास आवाजाच्या भीतीसाठी मंजूर झालं. यातलं बरंचसं वादळाच्या आधी दिलं तरच नीट लागू पडतं, म्हणून हवामानाचा अंदाज बघत जा. नुसतं एसेप्रोमाझिन सुचवलं तर जरूर प्रश्न विचारा, कारण त्यानं शरीर सुस्त होतं, भीती आत तशीच राहते. माणसांच्या गोळ्या मनानं देऊ नका.

आणि म्हातारपणी अचानक भीती सुरू झाली असेल तर सांधे तपासून घ्या. दचकून अंग आखडलं की दुखऱ्या जागी कळ येते, आणि मग तो आवाजालाच घाबरायला लागतो.

पुढच्या गडगडाटात त्याचा छोटासा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात तो असं काही करणार नाही, आणि डॉक्टरांना औषध ठरवायला नेमकं तेच बघावं लागतं.