‘लेडी’च्या हाताला पीठ

प्रश्न : ‘लेडी’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘पीठ मळणारी’ असा होता, असं वर्गात ऐकलं. हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : अगदी खरं, पोरी. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘ह्लॅफ्डिगे’ असा होता. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. ‘डिगे’ म्हणजे मळणारी. मळलेल्या गोळ्याला ‘डो’ म्हणतात, तो याच कुळातला. पुढे सुरुवातीचा ‘ह’ गळाला, मधला ‘फ’ मिटला. ‘लॉर्ड’ही याच घरचा : ‘ह्लाफवेअर्ड’, पावाचा राखणदार. आणि त्याच्या आश्रयाला असलेला तो ‘ह्लाफएटा’, पाव खाणारा. इंग्लंडमधल्या केंटच्या एथेलबर्ट राजाच्या, इ.स. 600च्या सुमाराच्या कायद्यात हा शब्द आहे. साध्या शेतकऱ्याचा असा माणूस कुणी मारला, तर भरपाई 6 शिलिंग. आपण ‘त्याचं मीठ खाल्लंय’ म्हणतो, तेच नातं.

‘डो’चं मूळ आपल्यालाही परकं नाही. संस्कृतातला ‘दिह्’, म्हणजे लिंपणे, हा धातू त्याचा सख्खा नातेवाईक, आणि त्यातूनच आपला ‘देह’ आला.

पण मला सर्वांत जवळचा शब्द ‘डेअरी’. जुन्या इंग्रजीत मळणाऱ्या बाईला ‘डॅगे’ म्हणत. पुढे हाच शब्द दूधदुभतं बघणाऱ्या बाईला लागला, आणि तिची कामाची जागा झाली ‘डेअरी’. आमच्या करवीर तालुक्यातल्या घरी रोज संध्याकाळी आईची हाक असायची, “डेरीला दूध घालून ये गं!” वैरण, शेण, धार सगळं तीच करायची, दुधाच्या पुस्तकावर नाव मात्र वडिलांचं. पुढे इंग्रजीची शिक्षिका झाल्यावर मी तिला ‘लेडी’ आणि ‘डेअरी’ दोन्ही समजावून सांगितले. ती काठवटीत ज्वारीचं पीठ मळत होती.

“म्हंजे तिकडच्या बायका बी भाकरी थापायच्या व्हय?”

“थापायच्या नाहीत. मळायच्या नि भट्टीत भाजायच्या.”

“मळायच्या न्हवं? मग झालं. पीठ मळायला कटाळा केला की भाकरी चिरतीया,” असं म्हणून तिनं पाण्याचा हात लावला आणि गोळा पुन्हा मळायला घेतला.