नेटपाशी उभा राहणारा जगज्जेता

प्रश्न : माझा १५ वर्षांचा मुलगा पार्ल्यात बॅडमिंटनची दुहेरी खेळतो. तो नेटपाशी असतो आणि जोडीदार मागून स्मॅश मारतो, त्यामुळे टाळ्या जोडीदाराला पडतात. आता तो जोडीदार पुण्याला राहायला जाणार असल्यामुळे मुलगा खट्टू झाला आहे. भारताचा दुहेरीतला खेळाडू सात्त्विक याच्यासारखे मागून मारायला शिकेन, नाहीतर एकेरी खेळेन, असे म्हणतो. त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला निवृत्त झालेल्या हेंद्रा सेतियावानचे सामने पाहायला सांगितले आहे. या खेळाडूची कारकीर्द कशी होती आणि माझ्या मुलाने तीत काय पाहावे?
— एक पालक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई

उत्तर : प्रशिक्षकांनी अगदी नेमके नाव सुचवले आहे. इंडोनेशियाच्या हेंद्रा सेतियावानने २००७, २०१३, २०१५ आणि २०१९ असे चार वेळा पुरुष दुहेरीचे जगज्जेतेपद मिळवले, २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ४०व्या वर्षी, जाकार्तातील इंडोनेशिया मास्टर्स स्पर्धेत खेळाचा निरोप घेतला. यातील दोन जगज्जेतेपदांच्या दिवशी आपल्याकडचे असंख्य लोक बॅडमिंटन पाहत होते, तरी ती फारशी कोणाच्या लक्षात नाहीत. २०१५ मध्ये जाकार्तात सायना नेहवालला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले, त्याच दिवशी त्याच सभागृहात हेंद्रा जिंकला; आणि २५ ऑगस्ट २०१९ रोजी बासेलमध्ये सिंधूने सुवर्णपदक मिळवले, त्या दिवशी हेंद्राचा ३५वा वाढदिवस होता आणि त्यानेही तो सुवर्णपदकानेच साजरा केला. दुहेरीकडे आपण किती कमी लक्ष देतो, याची मला याहून बोलकी उदाहरणे आठवत नाहीत.

आता आपल्या मुलाच्या मूळ दुखण्याकडे येतो. दुहेरीत कोर्टाची रुंदी ६.१० मीटर असते, पण सर्व्हिस मात्र मागच्या सीमारेषेच्या ७६ सेंटिमीटर आतच पडावी लागते. त्यामुळे उंच, लांब सर्व्हिस केली की समोरचा खेळाडू फार मागे न जाता ती मारून टाकू शकतो, आणि म्हणूनच बहुतेक सर्व्हिस नेटला जवळजवळ घासून जाणारी, आखूड अशी केली जाते. सर्व्हिस, तिचा परतावा आणि त्यानंतरचा फटका या तीन फटक्यांत कोणाला शटल वर उचलावे लागणार हे बहुधा ठरते, आणि ज्याला ते उचलावे लागते त्याची जोडी बचावात जाते. हेंद्राचे सारे मोठेपण या तीन फटक्यांत होते. त्याची रॅकेट छातीच्या वर, तयार असायची. हात मागे नेऊन फटका मारण्याऐवजी तो मनगट आणि बोटांच्या बळावर शटल अशा जागी टाकायचा, की प्रतिस्पर्ध्यांना ते उचलण्याखेरीज गत्यंतर उरत नसे. जोरदार स्मॅश अंगावर आला तरी तो रॅकेट नुसती धरून त्यातला जोर काढून घ्यायचा आणि शटल नेटपलीकडे अलगद सोडायचा. मागे उभ्या असलेल्या जोडीदाराने स्मॅश मारल्यावर टाळ्या पडतात हे खरे, पण मारण्याजोगे शटल त्याला मिळवून देणारा पुढे उभा असतो. बीजिंगच्या अंतिम सामन्यात समोर चीनचे साई युन आणि फू हाईफेंग होते. यांपैकी फू हाईफेंगच्या नावावर तेव्हा ताशी ३३२ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा विक्रम होता. स्वतःच्या देशाच्या प्रेक्षकांपुढे या जोडीने पहिला गेम २१-१२ असा घेतला, आणि तरीही पुढचे दोन्ही गेम हेंद्रा व मार्किस किडो यांनी २१-११, २१-१६ असे जिंकले.

जोडी तुटण्याचे दुःख खरे असते, आणि त्याबद्दल मुलाची समजूत घाईघाईने काढू नये असे मला वाटते. हेंद्राने पहिली कीर्ती किडोबरोबर मिळवली. दोघांनी मिळून जग जिंकले, पण २०१२च्या लंडन ऑलिम्पिकची पात्रता त्यांना गाठता आली नाही आणि त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हेंद्राचा नवा जोडीदार मोहम्मद अहसान हा त्याआधी किडोच्याच धाकट्या भावाबरोबर, बोना सेप्तानोबरोबर, खेळत असे. ही नवी जोडी पुढच्याच वर्षी जगज्जेती झाली. रिओ ऑलिम्पिकमध्ये मात्र ती गटातच बाद झाली, २०१७ मध्ये हेंद्रा मलेशियाच्या तान बून हिऑंगबरोबर खेळला आणि पुढे पुन्हा अहसानकडे आला. २०१९ची ऑल इंग्लंड स्पर्धा त्यांनी जिंकली, तेव्हा हेंद्राची पोटरी उपांत्य सामन्यात दुखावली होती; अंतिम सामन्याचा पहिला गेम ११-२१ असा गेल्यावर अहसानने कोर्टाचा मोठा भाग स्वतःकडे घेतला आणि हेंद्राने पुढची बाजू सांभाळली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ही जोडी चौथी आली, म्हणजे दुसरे ऑलिम्पिक पदक त्याला मिळालेच नाही. किडो तर २०२१ मध्ये, केवळ ३६व्या वर्षी, बॅडमिंटन खेळता खेळताच गेला. ती बातमी वाचून मला फार हळहळ वाटली होती.

सात्त्विकच्या स्मॅशचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, पण त्याच्या पुढे नेटपाशी बहुधा आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी असतो, हेही मुलाला दाखवावे. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीला इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात याच दोघांनी हेंद्रा आणि अहसान यांना २१-१६, २६-२४ असे हरवले. मुलाने पुढे एकेरी खेळायची की दुहेरी, हे त्याने आणि प्रशिक्षकांनी ठरवावे. फक्त टाळ्या कोणाला पडतात यावरून ते ठरू नये. नवा जोडीदार मिळेपर्यंत बासेलचा अंतिम सामना त्याच्याबरोबर बसून पाहा. हेंद्रा आणि अहसान यांनी तो जपानच्या होकी आणि कोबायाशी यांच्याविरुद्ध २५-२३, ९-२१, २१-१५ असा जिंकला. तिसऱ्या गेममध्ये शटलच्या मागे नजर न धाडता केवळ हेंद्राच्या रॅकेटकडे पाहायला त्याला सांगा, आणि जपानच्या जोडीला शटल किती वेळा वर उचलावे लागले, ते त्याच्याकडून वहीत मोजून घ्या.