झेड नाइन घ्यावा का?

लेकरा,

निकॉनचा झेड नाइन हप्त्यावर घेऊ का, म्हणून विचारलंस. कॅमेरा दणकट आहे, त्यात वाद नाही. पण तो तू कुठं राबवणार आहेस, ते आधी बघू.

माळेगावच्या यात्रेत मल्हारीचा भंडारा उधळतात, तेव्हा ती बारीक हळद ग्रिपच्या खाचेत आणि डायलच्या दातांत जाऊन बसते. ब्रश मारून दमलं तरी पिवळी रेघ राहतेच. तिथं मॅग्नेशियमची बॉडी आणि झाकणाझाकणाला रबरी सील असणं ही चैन नाही, गरज आहे. उन्हातान्हात जायकवाडीच्या काठावर पक्ष्यांमागं फिरणाऱ्यालाही तसंच. मात्र लेन्सही तशीच लागते. तिच्या मागच्या धातूच्या कडीभोवती बारीक रबरी रिंग आहे का, नखानं चाचपून बघ. नसेल तर धूळ तिथूनच आत शिरणार. आणि एवढं करून भंडाऱ्यातच लेन्स बदललीस, तर सगळं मुसळ केरात.

पण तुझी कामं लग्नाची. मंगल कार्यालयात वर पंखे, खाली गालिचे. तिथं धुळीपेक्षा गर्दीचा धक्का वाईट, आणि कॅमेरा ट्रायपॉडसकट आडवा झाला तर सील काय करणार? अक्षता पडताना बॉडी बंद पडली तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करता येत नाही. म्हणून लग्नवाल्याला एका महागड्या बॉडीपेक्षा दोन बऱ्या बॉडी हव्यात, दोन-दोन कार्डांच्या. दोन्ही कार्डांवर एकदमच फोटो उतरू दे.

झेड नाइन 2021 चा, निकॉनचाच जुना डी 850 हा 2017 चा. दोन्ही 45.7 मेगापिक्सेलचे. झेड नाइनचा फोकस जास्त तरबेज आहे, हे खरं. पण 12 बाय 36 इंची करिझ्मा अल्बममध्ये फरक नवरीच्या मामाला सोड, मलाही ओळखू येणार नाही. झेड नाइनला यांत्रिक शटर, म्हणजे क्लिकसरशी उघडमीट होणारा पडदाच नाही, त्यामुळं ते झिजायचा प्रश्न नाही, हा तुझा मुद्दा मान्य. डी 850 चं शटर कंपनीनं 2 लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नाला अडीच हजार क्लिक धर, म्हणजे 80 लग्नं. त्यानंतरही ते लगेच मरतं असं नाही, आणि शटर बदलता येतं. तोवर हप्ते तरी फिटलेले असतील का?

माझं ऐकशील तर जुना डी 850 बघ, उरलेल्या पैशात चांगली 24-70 लेन्स घे, एफ 2.8 ची. बॉडीचा भाव दरवर्षी उतरतो, लेन्सचा त्यामानानं टिकतो. पुढं झेडवर गेलास तरी जुन्या लेन्स झेडला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून ती चालेल. फक्त स्क्रू-ड्राइव्हची, म्हणजे स्वतःची मोटर नसलेली जुनी लेन्स घेऊ नकोस, त्या अडॅप्टरवर तिचा ऑटोफोकस होत नाही. यात्रेपुरता झेड नाइन भाड्यानं आण की!

सौदा ठरवण्याआधी त्या कॅमेऱ्यानं एक ताजा फोटो काढ आणि मूळ फाइल मला मेल कर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, त्यात शटर किती वेळा चाललं तो फाइलमधला आकडा पुसला जातो.

तुझा,
काका