गुडघा गेला म्हणून खेळ संपला?

एसीएलचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालंय आणि पाचव्या महिन्यातच बूट चढवायची घाई झालीय, असं तू लिहिलंयस. आधी फुटबॉलपटू इयन डुरंटची गोष्ट वाच.

स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबचा मिडफिल्डर, ग्लासगोचा पोरगा. ऑक्टोबर 1988 मध्ये पिटोड्री मैदानावर ॲबर्डीनविरुद्ध त्यांच्या नील सिम्पसनच्या टॅकलमध्ये त्याच्या गुडघ्याची वाट लागली. वय 21! पहिल्या संघात परतला तो थेट एप्रिल 1991 मध्ये. मग 1993 च्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये फ्रान्सच्या मार्सेल क्लबच्या मैदानावर गोल ठोकून 1-1 बरोबरी साधून दिली. 1998 मध्ये किल्मार्नक या दुसऱ्या स्कॉटिश क्लबला गेला आणि तिथून स्कॉटलंडच्या संघातही परत आला. दुखापतीआधीचा डुरंट मात्र पुन्हा दिसला नाही, असं जुने चाहते म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

तुझं नशीब बरं, आजची शस्त्रक्रिया आणि फिजिओ तेव्हापेक्षा कितीतरी पुढे आहेत. तरी नऊ महिन्यांच्या आत मॅच नको. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के झालीय का, एका पायावरच्या उड्या जमतात का, हे फिजिओकडून मोजून घे. सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असं नसतं, बाबा. आणि टर्फवरचं फाइव्ह-अ-साइड (पाच-पाच जणांचं फुटबॉल) तर सगळ्यात शेवटी.