कुत्रा: राखणदार की अशुद्ध?

प्रश्न: शेजारच्या क्रिस्तांव घरातलं मराठी बायबल वाचतोय. कुत्रा त्यात बहुधा शिवीसारखाच का येतो? इस्राएली लोक कुत्रे पाळतच नव्हते का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: पाळत होते. कळप राखणारे कुत्रे बायबलमधल्या इयोब या पुस्तकात (30:1, म्हणजे अध्याय 30, ओवी 1) स्पष्ट आहेत. तिरस्कार मढी फाडणाऱ्या मोकाट कुत्र्यांचा. इस्राएलची राणी ईजबेल हिचं प्रेत त्यांनीच खाल्लं. श्वापदाने फाडलेलं मांस माणसाला वर्ज्य, ते कुत्र्यांना टाकावं, असा निर्गम या पुस्तकातल्या 22:31 चा नियम. शिवीचं मूळ आम्हाला इथेच दिसतं. पण निर्गम 11:7 जरूर वाचा: मिसरातली (इजिप्तमधली) थोरली अपत्यं मेली, त्या भयंकर रात्री इस्राएलांवर कुत्राही भुंकणार नाही, असं वचन आहे! अश्कलोन या प्राचीन बंदरशहरात हजारावर कुत्रे नीट पुरलेले सापडले, इ.स.पू. 5व्या शतकातले; मात्र ते शहर इस्राएली नव्हतं, तो पुरावा इथे जोडू नका.